आपण किती? पाच!

बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाची एक खोड काही केल्या जात नाही. तो मोजतो. नोटा तर मोजतोच, त्याचा पगारच मिळतो. पण लग्नाला गेला तर पंगतीतली पानं मोजतो, रेल्वे फाटकात अडकला तर मालगाडीचे डबे मोजतो आणि पाहुणे उठून गेले की बशीतल्या उरलेल्या करंज्या मोजतो. (हा शेवटचा आरोप आमच्या सौभाग्यवतींचा आहे. मला तो मान्य नाही. मी करंज्या नव्हे, बश्या मोजत होतो.)

या खोडीतून आमच्या घरात एक प्रथा पडली. चिरंजीव चार वर्षांचे असताना आम्ही त्यांना एका एसटी स्टँडवर विसरलो आणि गाडी गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेली. कंडक्टर देवमाणूस होता म्हणून गाडी मागे फिरली. तेव्हापासून कुठलंही ठिकाण सोडण्यापूर्वी मी खड्या आवाजात विचारतो, "आपण किती?" मग आई म्हणते "एक", सौभाग्यवती "दोन", कन्या "तीन", चिरंजीव "चार" आणि शेवटी मी "पाच". घरात माझा नंबर कितवा, हे या निमित्ताने दर सहलीत चारचौघांत जाहीर होतं, पण हिशेब जुळल्याच्या आनंदापुढे तेवढं चालायचंच. कन्या आता कॉलेजात जाते. ती "तीन" हा शब्द ओठ न हलवता म्हणायला शिकली आहे.

तर अशी ही पाच जणांची वरात गेल्या वर्षी अमृतसरला जाऊन धडकली. बँकेत एलएफसी नावाची सवलत असते. कर्मचाऱ्याने सहकुटुंब देश पाहावा आणि प्रवासभाडं बँकेने सोसावं, अशी तिची थोर कल्पना. ती वाया घालवणं हे आमच्यात महापाप समजतात. त्यासाठी भरायच्या फॉर्मवर आई माझ्यावर 'अवलंबून' आहे असं लिहावं लागतं. लिहिताना दर वेळी माझा हात किंचित अडखळतो. कारण घरी चष्मा, किल्ल्या आणि पासबुक शोधून देण्याच्या बाबतीत कोण कुणावर अवलंबून आहे हे जगजाहीर आहे. असो. मुंबईहून गोल्डन टेंपल मेलने, म्हणजे पूर्वीच्या फ्रंटियर मेलने, दोन डबे लाडू आणि एक डबा चिवडा संपवत आम्ही पंजाबात उतरलो.

कार्यक्रम सौभाग्यवतींनी वहीच्या पानावर आखला होता. सकाळी सहा ते दहा सुवर्णमंदिर. दहा ते साडेदहा जालियनवाला बाग. साडेदहा ते अकरा लस्सी. अकरा ते एक फुलकारी, पापड, वड्या वगैरे खरेदी. मग जेवून अटारीच्या सीमेवर. हा अर्धा तास आमच्या हेडकॅशियरांच्या सल्ल्याने ठरला होता. ते आदल्या वर्षी जाऊन आले होते. "बागेत अर्धा तास पुष्कळ झाला," ते म्हणाले होते. "लस्सी मात्र सोडू नका."

गाडीत ते पान वाचताना मला काही खटकलं नाही. खटकलं ते सुवर्णमंदिरातून बाहेर पडल्यावर. लंगरमध्ये पंगतीला बसून आम्ही डाळ, रोटी आणि खीर खाल्ली होती. तिथे हजारो माणसं जेवतात आणि कुणीही कुणाला "तुम्ही किती जण?" असं विचारत नाही, ही गोष्ट माझ्यातल्या कारकुनाला फार लागली होती. आईने तर पदर खोचून भांडी घासणाऱ्या बायकांत जागा मिळवली आणि दहा-बारा ताटं घासूनच ती उठली. अशा प्रसन्न, तृप्त मनाने आम्ही चालत चार-पाच मिनिटांवरच्या बागेच्या दाराशी आलो. सौभाग्यवतींनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, दहा वाजले. आता जालियनवाला."

आणि मला एकदम वाटलं, आता दुःख करायचं. दहा ते साडेदहा. साडेदहाला लस्सी.

आत जायची वाट चिंचोळी आहे. २०२१ साली बागेचं नूतनीकरण झालं, तेव्हा या वाटेच्या भिंतींवर हसऱ्या-बोलक्या माणसांची शिल्पं बसवली. जुन्या भिंतींचं रूप त्यात झाकलं गेलं म्हणून काही इतिहासकार नाराजही झाले. पण वाटेची रुंदी काही झाकता येत नाही. याच वाटेने १३ एप्रिल १९१९ ला, बैसाखीच्या दिवशी, ब्रिगेडिअर जनरल रेजिनाल्ड डायर पन्नास बंदूकधारी शिपाई घेऊन आत गेला. बरोबर मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या होत्या. त्या या वाटेत मावल्या नाहीत म्हणून बाहेर राहिल्या. त्या आत आल्या असत्या तर त्यांचाही वापर केला असता, असं त्याने पुढे हंटर समितीपुढे स्वतःच सांगितलं. त्यामुळे गर्दीतून अंग चोरत आत जाताना एक विचित्र विचार मनात आला, की ही वाट अरुंद होती म्हणून माणसं बाहेर पडू शकली नाहीत आणि ही वाट अरुंद होती म्हणूनच त्यातली काही वाचली.

आत गेलो. हिरवळ, फुलं, मधोमध लाल दगडाचं ज्योतीच्या आकाराचं स्मारक. ते १९६१ साली डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं गेलं. माणसं हिंडत होती, मुलं पळत होती. मी एका जागी उभा राहून दुःख होण्याची वाट पाहू लागलो.

झालं नाही. खरं सांगतो. लंगरची खीर पोटात होती, ऊन कोवळं होतं, चपला चावत होत्या. देवळात गेल्यावर भक्ती आली नाही तर माणूस निदान डोळे मिटून उभा राहतो. इथे डोळे मिटले असते तर मागचा माणूस अंगावर आदळला असता. मी चेहरा गंभीर केला. शेजारच्या कुटुंबातल्या गृहस्थांनीही तसाच केला होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही ओशाळलो. एकाच नंबरचा चेक घेऊन दोघे खिडकीशी आले म्हणजे जसं होतं, तसं.

पुढे ती भिंत आहे. गोळ्यांच्या खुणांभोवती पांढरे चौकोन काढले आहेत. तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग होती. एक जण एका खुणेत बोट घालून उभा राहिला, त्याचा फोटो झाला, मग त्याच्या मेहुण्याने बोट घातलं. मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ नावं ठेवली. एवढ्यात आमचाच नंबर आला आणि सौभाग्यवती सवयीने म्हणाल्या, "अहो, जरा हसा ना!" म्हटल्यावर त्यांच्याही लक्षात आलं आणि त्या गप्प झाल्या. या भिंतीसमोर कसला चेहरा करायचा असतो? हसावं तर निर्लज्जपणा, न हसावं तर आधार कार्ड. त्या फोटोत माझा चेहरा, सायबांनी केबिनमध्ये बोलावून बदलीची ऑर्डर हातात ठेवावी, तसा आला आहे.

"बाबा, डायरला उधमसिंगने मारलं ना?" चिरंजीवांनी विचारलं. वय वर्षं बारा.

"नाही रे. उधमसिंगने मारलं ते मायकेल ओड्वायरला. तो तेव्हा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. १३ मार्च १९४०, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये. डायर त्याआधी १९२७ मध्येच आजारपणाने गेला, इंग्लंडात, आपल्या घरी."

"मग त्याला शिक्षा काय झाली?"

"नोकरी सोडावी लागली. आणि तिथल्या एका वर्तमानपत्राने त्याच्यासाठी निधी गोळा केला. सव्वीस हजार पौंडांच्या वर जमला."

चिरंजीव काही बोलले नाहीत. नामसाधर्म्यामुळे एकाची एंट्री दुसऱ्याच्या खात्यात पडते, हे आमच्या धंद्यात नेहमीचं. इथे तर देशातल्या निम्म्या लोकांनी ती एंट्री डायरच्या खात्यात टाकून मनाचं समाधान करून घेतलं आहे.

भिंतीपाशी एक पाटी आहे. या भिंतीवर गोळ्यांच्या ३६ खुणा दिसतात आणि त्या दिवशी १६५० गोळ्या झाडण्यात आल्या, असं ती सांगते. दोन आकडे एकाखाली एक दिसले की माझं डोकं मला न विचारता काम सुरू करतं. सोळाशे पन्नास वजा छत्तीस. बाकी सोळाशे चौदा. दुसऱ्या भिंतींवर आणखी काही असतील, त्या वजा करू. तरी दीड हजाराच्या वर उरतात. मग त्या गेल्या कुठे?

आणि वजाबाकी करून झाल्यावर मला कळलं, की मी काय वजा करत होतो.

पोटातली खीर पहिल्यांदाच जड झाली. बाजूला जाऊन मी एका कट्ट्यावर बसलो. हा १६५० चा आकडा एवढा नेमका कसा, हे मला आता कळू लागलं. काडतुसं सरकारी मालमत्ता. किती दिली, किती वापरली, याचा हिशेब द्यावा लागतो. तो दिला गेला. सुमारे १७०० नाही, दीड-दोन हजार नाही, १६५०. आणि माणसं? त्या संध्याकाळी ती मोजायला कुणी थांबलंच नाही. सुमारे दहा मिनिटं गोळ्या चालल्या, मग शिपाई आल्या वाटेने परत गेले. मेलेल्यांची सरकारी मोजदाद सुरू व्हायला काही महिने लागले. सरकारी आकडा ठरला ३७९. काँग्रेसच्या चौकशीत तो हजाराच्या घरात गेला. बागेतल्या विहिरीवरची पाटी सांगते की एकट्या विहिरीतूनच १२० प्रेतं निघाली. इतकी वर्षं झाली, हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आमच्याकडे संध्याकाळी कॅश शंभर रुपयांनी कमी भरली तर शटर ओढून, पंखा बंद करून पुन्हा मोजतात. जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

जखमींसाठी काय केलंत, असं डायरला विचारलं गेलं. ते माझं काम नव्हतं, दवाखाने उघडे होते, त्यांनी तिकडे जायचं होतं, अशा अर्थाचं त्याचं उत्तर होतं. हे मी पूर्वी वाचलं होतं आणि वाचताना दातओठ खाल्ले होते. त्या कट्ट्यावर बसून ते पुन्हा आठवलं, तेव्हा मात्र वाक्य ओळखीचं वाटलं. आवाजही ओळखीचा वाटला. "ते माझं काम नाही, चार नंबरला जा." गेल्या वीस वर्षांत हे मी किती वेळा म्हटलं असेल, ते मात्र मी मोजलेलं नाही. हयातीचा दाखला घेऊन आलेला एक म्हातारा मी असाच चारवर पाठवला होता आणि चारवरचा त्या दिवशी रजेवर होता, हे मला ठाऊक होतं. मी डायर आहे असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणणं म्हणजे उगाच स्वतःला मोठं करणं. पण माणसाला खिडकीबाहेरचा नंबर समजायला बंदूक लागत नाही, टोकनही पुरतं, एवढं मला तिथे कबूल करावं लागलं.

साडेदहा वाजले. लस्सीची वेळ झाली. मी उठून विचारलं, "आपण किती?"

शांतता. मग "दोन". "तीन". "चार".

एक नव्हता.

"आई कुठे आहे?" मी विचारलं. तुमच्याबरोबर नव्हत्या? नाही, मला वाटलं तुझ्याबरोबर. आजी विहिरीकडे होती. कधी? मघाशी. आईचा मोबाइल सौभाग्यवतींच्या पर्समध्ये होता आणि वाजवल्यावर तो तिथेच वाजला. मी विहिरीकडे धावलो, तिथून स्मारकाकडे, तिथून त्या चिंचोळ्या वाटेकडे. गर्दी वाढली होती. पांढरं पातळ आणि पिकलेला अंबाडा एवढंच मी शोधत होतो आणि त्या वर्णनाच्या बायका देशात पुष्कळ आहेत, हा शोध मला तिथे लागला. कन्या, जी इतकी वर्षं ओठ न हलवता नंबर सांगायची, ती मोठ्याने "आजी!" म्हणून ओरडत होती.

त्या धावपळीत एक गोष्ट डोक्यात लखकन चमकून गेली. त्या दिवशी बागेत सभा होती, हे खरं. डॉ. सत्यपाल आणि डॉ. किचलू यांना पकडून नेल्याचा निषेध होता. सभाबंदीचा हुकूम सकाळी पुकारला होता, तो अनेकांच्या कानावर गेलाच नव्हता. पण सगळेच काही सभेला आलेले नव्हते. बैसाखीचा सण, त्यातून रविवार. आसपासच्या खेड्यांतून माणसं जत्रेला आली होती, सुवर्णमंदिरात डोकं टेकवून जरा टेकायला या मोकळ्या जागेत आली होती. तेव्हा ही बाग नव्हतीच. घरांच्या पाठभिंतींनी वेढलेलं ओसाड मैदान होतं. म्हणजे पोराबाळांना घेऊन, देवदर्शन आटोपून, आता पुढे काय खायचं आणि काय घ्यायचं, असा विचार करत बसलेली कुटुंबंही त्यांत होती. आमच्यासारखी. मघापासून मी इथे सहलीला आलो म्हणून शरमत होतो. अरे, तीही सहलीलाच आली होती! आणि त्या रात्री अमृतसरात आणि भोवतालच्या गावांत घरोघरी कुणीतरी "आपण किती?" म्हणून विचारलं असणार. त्या घरांतले हिशेब अचूक होते. ते सरकारी वहीत चढलेच नाहीत.

दहा मिनिटांनी आई सापडली. पलीकडच्या झाडाच्या सावलीत एका पंजाबी आजीबाईंशेजारी बसली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी गप्पा चालू होत्या आणि आमचा चिवडा आजीबाईंच्या ओंजळीत होता.

"आई, अगं, कुठे हरवलीस?"

"मी कुठे हरवले? मी इथेच आहे. तुम्हीच गेलात," आई म्हणाली. मग माझा चेहरा पाहून जरा नरमली. "अरे, ती नात बघ, तिने मला सगळं वाचून सांगितलं. ती कोण बाई होती ना, रात्रभर बसलेली?"

रतनदेवी. बागेजवळच राहायची. गोळ्यांचा आवाज ऐकून आली आणि नवऱ्याचं प्रेत शोधून काढलं. रात्री आठनंतर संचारबंदी, त्यामुळे खाट घेऊन मदतीला कुणी येऊ शकलं नाही. कुत्र्यांना हाकलायला हातात बांबूची काठी घेऊन ती रात्रभर तिथे बसली. जवळच एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा जखमी होऊन पडला होता. मला सोडून जाऊ नकोस म्हणाला. पाणी मागत होता. पाणी नव्हतं.

हे आज आपल्याला कळतं, ते तिने सांगितलं आणि कुणीतरी लिहून घेतलं म्हणून. काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुणे विद्यापीठातलं ग्रंथालय ज्यांच्या नावाने आहे, ते. या समितीने पंजाबातल्या अत्याचारांविषयी सतराशेच्या वर लोकांच्या जबान्या तपासल्या. एकेक माणूस, त्याचं नाव, त्याने काय पाहिलं, ते कागदावर. हेही कारकुनी कामच, नाही का? म्हणजे कारकुनी दोन प्रकारची. एकीत काडतुसं जुळतात, दुसरीत माणसं जुळवायचा प्रयत्न असतो. दुसरीत हिशेब पुरा होत नाही, तरी वही मिटायची नसते.

स्मारकापुढे आपण काय देणं लागतो, याचं माझं उत्तर एवढंच आहे. दुःख हे काही आपल्या हातातलं नाणं नव्हे; दहा ते साडेदहा वटेलच असं नाही आणि वटल्याचं सोंग करण्यात अर्थ नाही. पण 'हजारेक माणसं' अशी गोळाबेरीज न करता, तिथला प्रत्येक जण कुणाच्या तरी घरातला 'एक' किंवा 'चार' होता, एवढं मोजणं आपल्या हातात आहे. त्याला गळा दाटून यावा लागत नाही. नीट लक्ष द्यावं लागतं.

"तिला कुणी सकाळी पाणी तरी दिलं असेल का रे?" आईने उठता उठता विचारलं. मला उत्तर आलं नाही.

सव्वाअकराला आम्ही लस्सीच्या दुकानात पोचलो. या सगळ्यानंतर लस्सी प्यावी का, हा प्रश्न मी बायकोपुढे मांडला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की प्रश्न निकालात निघाला. पोऱ्या आला आणि म्हणाला, "कितने?"

आम्ही सगळे एकदम ओरडलो, "पाच!"

आई म्हणाली, "मला अर्धीच. चार आणि एक हाफ सांग."

"नाही," मी म्हटलं. "आज कुणी अर्ध्यात मोजायचं नाही."

आईला ती अर्थातच संपली नाही. उरलेली चिरंजीवांनी संपवली. पण बिलावर पाच होत्या आणि मी ते दोनदा मोजून पाहिलं.